नांदेडचा लॅपटॉप, लातूरचं डोंगल

डोंगल आलं ते बेसनाच्या लाडवाखाली लपून.

लातूरच्या व्याह्यानं डबा एसटीच्या कंडक्टरजवळ दिला. कंडक्टरनं तो नांदेडात अण्णारावच्या हातात ठिवला. अण्णारावनं घरी जायची वाट न्हाई बघितली, तिथंच रस्त्याच्या कडेला झाकण उघडलं. वरचे लाडू बाजूला सारले तर खाली प्लास्टिकच्या पिशवीत बोटाएवढी पांढरी कांडी.

"लाडवाखाली?" अण्णाराव स्वतःशीच म्हनला. "सरळ चालीची वस्तू लाडवाखाली कामून बसंल?"

आता बघा, अण्णाराव एसटीतनं कंडक्टर म्हनून रिटायर झाला हे खरं, पर रिटायर झाली ती नुसती तिकिटाची पेटी. नजर अजून ड्युटीवरच हाय. बाईच्या पदराखाली लेकरू झोपलेलं दिसलं की हा आधी पदराबाहेर आलेले पाय बघायचा. झोपलंय का झोपवलंय, हे त्याला श्वासावरून कळायचं. अर्ध्या तिकिटावर मिशीवाली पोरं उतरवलेला माणूस हाय त्यो. अशा माणसाला लाडवाखालचं डोंगल सरळ कसं दिसावं?

त्यात मसला मोठा होता. पोरगा हरिओम नोकरीपायी पोलंडात, संगं बायको मृण्मयी. तिथं त्यांला पोरगी झाली आन रविवारी तिचं बारसं. लेकराच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हंजे अण्णारावची उज्वला, झेडपीच्या शाळेत मास्तरीण. आता कानात नाव सांगायला कुणी पोलंडाला जातं का? म्हनून हरिओमनं विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या दोस्ताकडून एक जुना लॅपटॉप घरी पाठवला. तवा काय आत्तासारखं प्रत्येकाच्या मोबाईलात तोंड दिसत नव्हतं. ठरलं असं, की व्याही लातूरहून नेटचं डोंगल देतील, ते लॅपटॉपला लावायचं, आन उज्वला इथून 'कुर्रर्र' करून नाव सांगंल.

नाव ठरलेलं होतं, रेणुका. अण्णारावनं ठरवलं म्हंजे ठरलं. माहूरची देवी घरची, तिचं नाव. पर मृण्मयी फोनवर बोलता बोलता एकदा 'इरा' म्हनून गेली, आन ते अण्णारावच्या कानानं बिगर तिकिटाच्या पाशिंजरावानी धरलं.

"इरा? हे काय नाव हाय? मीरातला म कुणी खाल्ला?"

"अवो, आजकालचं नाव हाय. चांगलं हाय की," बायको धोंडाबाई भाकर थापता थापता म्हनली.

"आजकालचं न्हाई, लातूरचं हाय ते! व्याह्याचं काम. आन वरून मला काय म्हनला? नेट नाहीच लागलं तर काळजी करू नका, आमची अक्षरा जर्मनीतून तिथं जाणारच आहे, ती सांगेल कानात."

अक्षरा म्हंजे मृण्मयीची बहीण. लेकराची मावशी.

"मावशीनं नाव ठिवायचं?" अण्णारावचा आवाज चढला. "म्हंजे ड्रायव्हरनं तिकिटं फाडायची!"

तर आता तुमीच जोडून बघा. डोंगल लातूरचं. ते आलं लपून. ते चाललं न्हाई तर लातूरची मावशी आधीच तयार. अण्णारावनं असल्या जोडण्या जोडून कितीतरी फुकटे पकडले होते.

लॅपटॉप होता चटणीच्या डब्याएवढा. चालू केला की पेंग्विन दिसायचं. उज्वला म्हनली, "अण्णा, ह्याच्यात विंडोज न्हाई, लिनक्स हाय." अण्णारावनं डोंगल खोचलं. लई वेळ काही न्हाई. मग पडद्यावर एक गोल चित्र उगवलं.

"सीडी आली," उज्वला म्हनली.

"कोनती सीडी?"

"डोंगलच्या जागी सीडी दाखवायलंय."

अण्णारावनं लॅपटॉप उचलला, खालून बघितला, बाजूनं बघितला, हलवून कानाशी धरला. त्याला सीडी घालायची जागाच नव्हती. जिथं जागा न्हाई तिथं सीडी! डोंगल मी सीडी हाय म्हनून बसलं होतं.

"नाव बदलून बसलंय," अण्णाराव हळूच म्हनला. "बघ. मी म्हनलो होतो का न्हाई? हे साधं न्हाई."

सीडी उघडली तर आत विंडोजचा प्रोग्राम. त्यो लिनक्सला चालंना. हरिओमला फोन लावला. तिकडून आवाज अर्धा येई, अर्धा पोलंडातच राही.

"अण्णा, त्याचा मोड बदलावा लागतो. एक छोटा प्रोग्राम हाय, त्यो टाकला की बदलतो."

"मग टाक की."

"त्यो नेटवरून घ्यावा लागतो."

"नेट न्हाई म्हनून तर तुला फोन केला, लेका!"

"हाव ना. पर नेट चालू करायच्या प्रोग्रामला नेट लागतं."

अण्णारावनं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. अहमदपूरच्या स्टँडवर एक कंट्रोलर होता, त्यो म्हनायचा गाडी आल्याबिगर पास मिळणार न्हाई आन पास असल्याबिगर गाडीत बसता येणार न्हाई. त्या माणसाची बदली पोलंडात झाली का काय, असं अण्णारावला वाटून गेलं.

हरिओम म्हनला दोस्त शनवारी पेनड्राइव्हात प्रोग्राम घेऊन येईल. फोन कटला. धोंडाबाईनं तेवढा एकच शब्द ऐकला होता.

"मोड पायजेत का? मग वल्या फडक्यात बांधून ठिवते. मटकीला तर सकाळपत्तोर येत्यात."

ती हसत होती. पर अण्णारावनं डोंगल उपसलं आन सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं. ह्या घरात कुणाचा भरवसा न्हाई.

तवर वरच्या मजल्यावरच्या तारामतीबाई खाली आल्या होत्या. त्यांला कुणी बोलवत न्हाई, त्या येतात. त्यांनी डोंगल खिशातून काढायला लावलं, हातावर वजन केल्यावानी धरलं आन म्हनल्या, "अवो, ह्याला उंची लागती. माझ्या भाच्यानं तर गच्चीवर पातेल्यात बसवलंय. स्टीलच्या. जर्मलच्या पातेल्यात रेंज येत न्हाई बरंका."

"पातेलं उपडं का सुलटं?" अण्णारावनं तपासणी केली.

"ते मी इचारलं न्हाई."

"मग अर्धवट कामून सांगायलाव?"

तरी तासाभरात अण्णाराव गच्चीवर होता. लांब वायर, स्टीलचं पातेलं, आधी सुलटं, मग उपडं, आत डोंगल. खालून उज्वला वरडायची, "सीडीच हाय!" पातेलं टाकीवर ठिवलं. "सीडीच!" पातेलं हातात धरून अण्णाराव लातूरच्या दिशेनं तोंड करून उभा राह्यला. समोरच्या गच्चीवरच्या बाईला वाटलं सूर्याला अर्घ्य देयलाय. तिनं हात जोडले. अण्णारावलाबी इज्जतीपायी जरा डोळे मिटावे लागले.

दुसऱ्या दिवशी त्यो वजिराबादला मुनीरभाईच्या मोबाईल दुकानात गेला. मुनीरभाईनं लॅपटॉप बघितला आन मान हलवली.

"अण्णा, ये पेंग्विन का डब्बा है. इसमें कुच नै होता. पुरा साफ करके विंडोज डाल देतूं."

"साफ?" अण्णारावनं लॅपटॉप छातीशी धरला. "आत काय हाय ते मलाच म्हाईत न्हाई, आन तू साफ करतूस?"

"तो फिर डोंगल तो देव. मेरे कंपूटर में देखतूं."

मुनीरभाईच्या मोठ्या कॉम्प्युटरला लावल्याबरोबर डोंगल सरळ झालं. खिडकी उघडली, दिवा लागला. म्हंजे वस्तू खराब नव्हती. अण्णारावला आनंद व्हायच्या जागी थोडं वाईटच वाटलं. व्याह्यावरचा अर्धा आरोप हातचा गेला. पर तेवढ्यात पडद्यावर सवाल आला.

"पिन मांगरा, अण्णा."

"तू तिकडं तोंड कर."

"अरे मेरी दुकान है..."

"तिकडं तोंड कर म्हनलो ना!"

मुनीरभाईनं भिंतीकडं तोंड केलं. अण्णारावनं खांद्यावरचा टॉवेल पडद्यावर आन डोक्यावर एकदमच घेतला, फोटोवाल्यावानी. पिन तर त्याला तोंडपाठ होते. हयातभर गावोगावची पार्सलं चढवलेला माणूस, कोनत्या गावाचा पिन कोनता हे त्याला झोपेत इचारा. सिम लातूरचं, म्हनून त्यानं लातूरचा पिन टाकला. चूक. म्हनलं बरोबर हाय, आता ते नांदेडात नांदायला आलंय, सासरचं नाव लागलं पायजे. नांदेडचा टाकला. चूक. मग त्यानं लई इचार केला आन मधल्या अहमदपूरचा टाकला.

पडद्यावर लाल अक्षरं आली. सिम बंद.

"क्या डाले तुम?" मुनीरभाई वळला.

"पिनच टाकला."

"कौनसा पिन?"

अण्णारावनं टॉवेलाची घडी केली. "अहमदपूरचा."

मुनीरभाई लगेच काउंटरखाली वाकला आन काहीतरी सांडल्यावानी हुडकत राह्यला. त्याचे खांदे हलायलते. वर आला तवा डोळ्यात पाणी होतं. "अण्णा, ये चिठ्ठी डालने का डब्बा है क्या? ये सिम का अलग पिन रहता. अब कंपनी का लंबा वाला नंबर होना. जिसके नाम पे सिम, उसकोच मिलता."

ज्याच्या नावावर सिम. म्हंजे लातूर. म्हंजे अनंतराव व्याही.

त्या फोनपायी अण्णाराव घरात किती फेऱ्या मारला ते देवीला म्हाईत. शेवटी लावला. अनंतराव पाटबंधारे खात्यात मोठ्या टेबलावर बसून रिटायर झालेला माणूस, बोलणं इस्त्री केलेलं.

"अहो अण्णाराव, पिन मीच घातला आहे. सुरक्षेसाठी. कुणी पळवलं तर वापरता येऊ नये."

"मग डब्यात पिन कामून न्हाई पाठवला?"

"डबा कंडक्टरकडे होता ना. पाहिला असता त्याने."

"कंडक्टर म्हंजे काय चोर असतो काय?"

"तसं नव्हे. म्हणून तर लाडवाखाली ठेवलं. समक्ष भेटलो की कानात सांगणार होतो."

"बरं, आता त्यो लांब नंबर सांगा."

"फोनवर? छे छे. लाइनवर कोण असेल सांगता येत नाही."

इथं मातर अण्णारावनं मान डोलावली. सोयरीक झाल्यापासून पहिल्यांदा त्याला वाटलं, ह्या माणसाला अक्कल हाय.

दोघं अहमदपूरच्या स्टँडवर भेटले. नांदेडची गाडी आधी आली, लातूरची मागून. अनंतरावांच्या अंगात सफारी, काखेत छत्री. बाकड्यावर बसून दोघांनी आधी चारी बाजूला बघून घेतलं. शेजारी एक म्हातारी उदगीरच्या गाडीची वाट बघत बसली होती. अण्णारावला तीबी बरोबर वाटंना. त्यानं अनंतरावांचं तोंड आपल्या कानाशी वढलं. अनंतराव कुजबुजायला लागले, अण्णाराव एक एक आकडा अनंतरावांच्याच मोबाईलात दाबायला लागला, कारण सिम तवर त्यात घातलं होतं.

म्हातारीनं बघितलं, दोन मोठी माणसं, कानाला तोंड, चेहरे पडलेले. तिनं पदर डोळ्याला लावला. "कोन गेलं वो, बाबा?"

"कुणी न्हाई गेलं, माय. सिम हाय, जितं करायलोत."

सिम जितं झालं. मोबाईल म्हनला, नवा पिन ठरवा. आता आली पंचाईत.

"सिम माझ्या नावावर आहे," अनंतराव म्हनले.

"बसतंय तर माझ्या घरी," अण्णाराव म्हनला.

"तुम्ही ठरवलात तर मला काय कळणार, माझ्या नावावर तुम्ही काय करता?"

"आन तुमी ठरवलाव तर मला काय कळणार, ऐन टायमाला सांगताव का न्हाई?"

चहा झाला. दुसरा चहा झाला. मग तोड निघाली, आन असली तोड ह्या दोघांशिवाय कुणाला सुचली नसती. पिन चार आकड्यांचा. दोन आकडे नांदेडनं घालायचे, दोन लातूरनं. कुणी कुणाचे बघायचे न्हाईत. एक दाबताना दुसऱ्यानं छत्रीआड जायचं. मोबाईल म्हनला परत एकदा टाका, तर परत एकदा दोघं छत्रीआड जाऊन आले. पिन मंजूर. दोघांनी हात मिळवले, सिम डोंगलात गेलं, डोंगल अण्णारावच्या खिशात, आन दोघं आपापल्या गाडीत.

लोह्याच्या पुढं गाडी आली तवा अण्णाराव सीटवरून उठून उभा राह्यला. कंडक्टर म्हनला, "काय झालं, अण्णा? मागं काय राह्यलं का?"

"हाव," अण्णाराव म्हनला. "अर्धा पिन राह्यला."

फोन लावला. अनंतराव म्हनले, "फोनवर कसं सांगू? असं करतो, रविवारी आम्हीच येतो."

"या की," धोंडाबाई घरी हे ऐकून म्हनली. "त्या निमितानं आपल्या विहीणबाई, विनीताताई तरी येत्याल. मी पुरण घालते." तिच्या तोंडावर कसलीच फिकीर नव्हती.

शनवार गेला. पेनड्राइव्हवाला दोस्त आला न्हाई, त्याला परीक्षा निघाली. रविवारी लातूरहून अनंतराव आन विनीताबाई आले. तारामतीबाई आल्या. धोंडाबाईनं शेजारचा पाळणा मागून आणला आन त्यात लॅपटॉप ठिवला, हळदकुंकू लावून. "लेकरू जिथून दिसणार त्याला पाळणा नको का?" डोंगल खोचलं. पेंग्विन आलं. मागून सीडी आली.

टाइम होत आला. तिकडं लेकराला अंघोळ घालून तयार ठिवलेलं. हरिओमचा फोनवर फोन. अनंतराव घड्याळाकडं बघून खाकरले.

"लिनक्सचं जरा अवघडच असतं, अण्णाराव. अक्षरा पोचली आहे तिथं. सांगू का तिला?"

अण्णारावचं डोकं फिरलं. पर त्यो अनंतरावांवर न्हाई धावला. त्यो पाळण्यावर वाकला आन त्या गोल चित्राकडं बघितलं, गच्च भरलेल्या गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या पाशिंजराकडं बघावं तसं.

"सीडी म्हनतूस व्हय? तिकीट दाखीव. न्हाई? मग उतर खाली! उज्वला, ह्याला भाईर काढायचं कसं?"

"अण्णा, ते दाबून धरलं की 'बाहेर काढा' येतं, पर..."

"काढ."

"अवो, हाय ते बी जाईल!" तारामतीबाई वरडल्या.

अण्णारावनं स्वतःच दाबलं. सीडी गेली. डोंगलचा दिवा इझला. अनंतरावांनी मोबाईल खिशातून काढला, अक्षराला लावायला. आन दिवा परत लागला, निळा. पडद्यावर सवाल आला. पिन.

हरिओमनं नंतर समजावून सांगितलं, की असली डोंगलं आधी सीडीचं सोंग घेतात, त्यांला हाकललं की खऱ्या रूपात येतात. अण्णाराव म्हनला, ह्यात काय इंजिनेरिंग हाय? खाली उतरवला की कुणीबी खरं नाव सांगतो.

पर आत्ता पिन. कुणाचे आकडे आधी, हे अहमदपूरला दोघांनीबी ध्यानात ठिवलं नव्हतं.

"पाव्हण्यांचा मान आधी," विनीताबाई म्हनल्या. लातूर आधी, नांदेड मागून. दोघं आळीपाळीनं पाळण्यावर टॉवेल घेऊन वाकले. चूक.

मग नांदेड आधी, लातूर मागून. लागलं! अण्णारावनं व्याह्याकडं बघितलं आन पाळण्याला एक हलका झोका दिला.

पडद्यावर आधी पोलंडाचं छत दिसलं. मग हरिओमचं कपाळ. मग मृण्मयीच्या हातात लाल झबल्यातलं गाठोडं. धोंडाबाईचा हात आपोआप पडद्याकडं गेला. तिकडं अक्षरानं कॉम्प्युटर लेकराच्या कानाशी धरला. इकडं उज्वला पाळण्यावर वाकली. बायांनी तिच्या पाठीवर धपाधप बुक्क्या मारल्या, तारामतीबाईंनी तर जुनं काही उसनं असल्यावानी.

"कुर्रर्र..." उज्वला म्हनली. "इरा!"

टाळ्या तिकडं वाजल्या, पोलंडात. इकडं अण्णाराव वळला तो सरळ सफारीसमोर.

"साधलाव ना? माझ्या पोरीलाबी फितवलाव!"

"मी?" अनंतरावांचा चेहरा लाल झाला. "अहो, आम्हाला गोदावरी ठेवायचं होतं! माझ्या आईचं नाव. इरा तर तुमच्या घरून ठरून आलंय म्हणे, म्हणून गप्प बसलो. हिला विचारा. आठवडाभर जेवलो नाही मी धड."

"आमच्या घरून? आमच्या घरात असलं कोन हाय?"

"मी हाय," धोंडाबाई म्हनली.

पुरणाचा हात तिनं पदराला पुसला. "माझ्या आधीची लेकरं जगली न्हाईत, म्हनून बापानं माझं नाव धोंडा ठिवलं. दगडाला कोन नेतंय? जगले मी. पर शाळेत, सासरी, रेशनच्या दुकानात, जिथं तिथं ह्यो धोंडा उचलत आले. सुनंला मीच म्हनलं, पोरीचं नाव असं हलकं ठिव की घेताना कुणाला वजन होऊ ने. तिनं सांगितलं, इरा. मला आवडलं. उज्वलाला मीच म्हनलं, हेच सांग."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलाव कुणाला? तुमी लातूरवर पाळत ठिवत बसलाव."

अनंतराव खिडकीबाहेर बघायला लागले. उज्वला पाठ चोळत होती. एवढ्या हयातीत अण्णारावनं गाडीतला कोपरान् कोपरा तपासला, पर आपल्याच चुलीपुढं बसलेल्या बाईला कधी इचारलं नव्हतं, कुठं जायचंय म्हनून. पडद्यावर लेकरानं भली मोठी जांभई दिली. चित्र तिथंच अडकलं, तोंड उघडंच.

त्यो वाकला. "इरा," म्हनून बघितलं. मग तोडून, "इ... रा."

बोटाच्या पेरानं त्यानं पाळण्याच्या लोखंडी दांडीवर वाजवलं, टण, टण.

"नावात दोन बेल हायत," त्यो धोंडाबाईकडं न बघता म्हनला. "एक बेल म्हंजे थांब. दोन म्हंजे जाऊ द्या."

"मग?" धोंडाबाई म्हनली.

"मग काय? जाऊ द्या!"